काव्यातला शरद आणि हस्ताचा पाऊस

संस्कृत काव्यपरंपरेने आपल्याला दिलेला शरद ऋतू निरभ्र आकाशाचा आणि निवळलेल्या पाण्याचा आहे. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'त वर्षा सरते, मगच शरद अवतरतो. सोलापूरच्या पठारावर मात्र हा क्रम जुळत नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या मुलखात वर्षातला सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो आणि त्याच ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते. शेतकरी पाऊस मोजत आला तो नक्षत्रांनी. सूर्य २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्तात प्रवेश करतो. तेव्हाचा पाऊस 'हत्तीचा'.

याच सुमारास मुली पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरतात. हा हादगा काही ठिकाणी १६ दिवस चालतो आणि रोज एकेक गाणे वाढत जाते. काव्यसंकेताने जो पाऊस वगळला, त्याची स्मृती बायकांच्या खेळाने जपली, असे आम्हांस वाटते.

आपण मात्र वर्गात शरदवर्णन 'काव्य' म्हणून शिकवितो आणि हादगा 'लोकसाहित्या'च्या अभ्यासपत्रिकेत ठेवतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्याखेरीज या भूमीच्या ऋतूंचा वाङ्मयेतिहास पुरा होणार नाही.