मार्च २०१८ मधले आठ दिवस आणि आपली कसारा लाईन

परवा खर्डी स्टेशनच्या बाकड्यावर नेहमीचा विषय निघाला. एक काका म्हणाले, "रुळावर बसल्याशिवाय रेल्वेला ऐकूच येत नाही." मला मात्र मार्च २०१८ आठवला.

६ मार्चला किसान लाँग मार्च नाशिकहून निघाला. कसारा घाट उतरून आपल्याच तालुक्यातून पुढे गेला. लाल टोप्या, तुटक्या चपला, सोललेले तळपाय तुमच्यापैकीही कितीजणांनी हायवेवर पाहिले असतील. ११ तारखेच्या रात्री ही माणसं सायनहून आझाद मैदानापर्यंत न झोपता चालली, कारण सकाळी पोरांचा दहावीचा पेपर होता. १२ तारखेला सरकारने लेखी आश्वासन दिलं आणि त्याच रात्री मध्य रेल्वेने सीएसएमटीहून भुसावळकडे दोन विशेष गाड्या सोडल्या. म्हणजे पायी गेलेले शेतकरी रात्री खर्डीवरूनच गाडीने परत गेले.

बरोबर आठ दिवसांनी, २० मार्चला, रेल्वेतच शिकलेले अप्रेंटिस नोकरीसाठी माटुंगा-दादरच्या मध्ये रुळावर बसले. सकाळी सातपासून साडेदहापर्यंत लोकल बंद. बेस्टने जादा बस सोडल्या. मुलांवर लाठ्या चालल्या.

तुलना पूर्ण न्याय्य नाही, मान्य. शेतकऱ्यांनी रूळ अडवला नव्हता. रूळ अडवला की रेल्वे कायद्याचं कलम १७४ लागतं, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पण काकांचंही अगदीच चूक नाही. २ जानेवारी २०१५ ला ठाकुर्लीजवळ पेंटोग्राफ तुटला, दिव्यात लोक रुळावर उतरले, दगडफेक झाली. मोटरमन जखमी झाले, मग मोटरमननीच गाड्या चालवायला नकार दिला. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये दिव्याला फास्ट लोकल थांबू लागली. दगडामुळे थांबली असं मी म्हणणार नाही. दिव्यातल्या माणसाला मात्र तसंच वाटतं, आणि हे वाटणंच धोक्याचं आहे. डबा चालवणाऱ्या माणसाने दगड का खायचा?

आता आपलं बघा. २० ऑगस्ट २०२४ ला बदलापूरला लोक दिवसभर रुळावर होते. रेल्वेने लांबच्या गाड्या कर्जत-पनवेलवरून वळवल्या, आणि संध्याकाळी पोलिसांनी लाठीमार करून रूळ मोकळे केले. त्या बाजूला वळवायला पनवेलचा रस्ता आहे. कल्याणच्या पुढे आपल्याकडे वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा, आणि मग थेट घाट. मधे कुठे फाटाच नाही. ठाण्यात, दिव्यात कोणी बसलं की खर्डीचा माणूस कल्याणला अडकतो, रात्रपाळी करून आलेला असो नाहीतर भाजी विकून.

म्हणून रेल रोकोची बातमी आली की मी पहिला फोन कल्याणच्या एसटी स्टँडवर करतो : शहापूरकडे जादा गाडी सोडताय का?