न्यूयॉर्कमधल्या तीन खोल्या

जून-जुलै आला की आपल्या बॅचच्या ग्रुपवर एक ठरलेला विषय निघतो. कुणाची तरी मुलगी किंवा मुलगा परदेशी शिकायला निघालेला असतो आणि मग खोली कुठे मिळेल, रूममेट कसा असेल, जेवणाचं काय, पैसे पुरतील का, यावर रात्री उशिरापर्यंत चर्चा चालते. तीस वर्षं इतिहास शिकवल्यामुळे असेल, पण अशा वेळी मला हटकून १९१३ साल आठवतं. हेच सगळे प्रश्न घेऊन त्या वर्षी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात बावीस वर्षांचा एक मराठी तरुण न्यूयॉर्कला उतरला होता. भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांची कोलंबियातली पदवी आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केली आहे. पण ते तिथे रुळले कसे, हे पाठ्यपुस्तकात नव्हतं.

मुंबई तेव्हा दहा लाखांच्या आतलं शहर होतं, तर न्यूयॉर्कची वस्ती पन्नास लाखांच्या घरात पोचलेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिथे वूलवर्थ इमारत उघडली होती, त्या काळची जगातली सर्वांत उंच इमारत. जमिनीखालून धावणारी रेल्वे १९०४ पासून सुरू होती आणि तिचं एक स्टेशन थेट विद्यापीठाच्या दारात होतं. मागे घरी मात्र सुतक नुकतंच फिटलेलं. वडील रामजी सुभेदार फेब्रुवारीत गेले होते, आणि रमाबाई लहानग्या यशवंताला घेऊन मुंबईत राहिल्या होत्या.

पैशाचा हिशेब सरळ होता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती, तीन वर्षांसाठी. जूनमध्ये करार झाला होता, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची अशी त्यात अट होती. याच पैशांतून खोली, जेवण, पुस्तकं भागवायची आणि घरीही पाठवायचे. आजच्या पालकांना शिक्षणकर्जाचे हप्ते दिसतात. या मुलासमोर दहा वर्षांची नोकरी उभी होती.

पहिली खोली हार्टली हॉलमध्ये, विद्यापीठाच्या वसतिगृहात. तिथे आठवडाभरच राहिले. धनंजय कीरांच्या चरित्रात कारण दिलं आहे: जेवण. शिजवण्याची पद्धत रुचेना आणि ताटात गोमांस. मग ११४व्या रस्त्यावरचा कॉस्मोपॉलिटन क्लब, जिथे काही भारतीय विद्यार्थी राहत असत. नव्या गावात गेल्यावर आधी आपली माणसं शोधायची, हे तेव्हाही तसंच होतं. तिसरी खोली लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये, आणि तिथे सोबती मिळाला नवल भथेना, एक पारशी तरुण. हे नाव लक्षात ठेवा.

खोली मिळाल्यावर मग ग्रंथालय. त्या काळी विद्यापीठाचं मुख्य ग्रंथालय घुमटाच्या लो लायब्ररीत होतं. तीन वर्षं म्हणजे किती थोडी, हे या विद्यार्थ्याला पक्कं ठाऊक असावं. अर्थशास्त्र मुख्य विषय, पण त्याच्या जोडीला इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असं मिळेल ते घेतलं. १९१५ मध्ये एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला, जो आजही वाचला जातो. पोटाला चिमटा काढून जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली. ती मायदेशी पोचवायचं काम एका ओळखीच्या माणसावर सोपवलं, पण त्यांतली थोडीच हाती आली. माझ्यासारख्या पुस्तकवेड्या माणसाला ही हकिगत आजही झोंबते.

एक गोष्ट आपल्या स्मरणिकेला शोभणारी. पुढे १९३० मध्ये कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात त्यांनी लिहिलं, की आयुष्यातले आपले सर्वोत्तम मित्र म्हणजे तिथले काही वर्गमित्र आणि ड्यूई, शॉटवेल, सेलिगमन, रॉबिन्सन हे प्राध्यापक. गुरू आणि सवंगडी त्यांनी एकाच ओळीत बसवले.

असं का लिहिलं असेल, ते परतीच्या प्रवासात कळतं. न्यूयॉर्कहून लंडन, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये तिथला अभ्यास अर्धा टाकून मायदेश. करारानुसार बडोद्यात नोकरीवर हजर झाले. परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं त्यांनी स्वतः नोंदवलं आहे. बडोद्याच्या स्टेशनवर पहिला प्रश्न पडला तोच जुना: राहायचं कुठे?

हिंदू खाणावळीत प्रवेश नाही. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून, रोजचा दीड रुपया देऊन जागा मिळाली. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले डझनभर लोक जिन्यावर आले आणि संध्याकाळच्या आत जागा सोड म्हणाले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती मित्र होते. दोघांनीही सबबी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्री नऊची होती. तोवरचे पाच तास या कोलंबियाच्या एम. ए. ने कामाठी बागेत बसून काढले.

अनोळखी न्यूयॉर्कमध्ये ज्याला तीन खोल्या मिळाल्या, त्याला ज्या संस्थानाने पाठवलं त्याच्याच राजधानीत एक मिळेना. शाळेत हा धडा शिकवताना मी इथे नेहमी थांबत असे. मुलं थोडा वेळ काही बोलत नसत.

लंडनचा अभ्यास अजून अर्धाच होता. १९२० मध्ये बाबासाहेब तो पुरा करायला पुन्हा निघाले. सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीतून साठवलेले पैसे होते, शाहू महाराजांनी मदत केली, आणि उरलेल्या रकमेसाठी पाच हजार रुपये उसने दिले ते लिव्हिंग्स्टन हॉलमधल्या रूममेटने, नवल भथेनाने.