वरकड दिवसांचा पाहुणचार

परप्रांती बिऱ्हाड थाटलेल्या मराठी माणसाला सणांची मोजदाद दोनदा करावी लागते. एकदा घरच्या पंचांगाप्रमाणे आणि एकदा गावच्या रिवाजाप्रमाणे. म्हैसुरात हे काम त्या मानाने सोपे. आपला पाडवा तोच येथील युगादी, आणि शालिवाहन शकही दोघांचा एकच. परंतु आमच्या परिचयाच्या एका मराठी कुटुंबात गेल्या हिवाळ्यात तिसरे पंचांग उघडले गेले. धाकटी सून बहाई धर्माची. फेब्रुवारीच्या अखेरीस येणारा 'अय्याम-ए-हा' हा माहेरचा सण सासरीही व्हावा, अशी तिची इच्छा होती. सासूबाईंनी नकार दिला नाही, मात्र एक प्रश्न विचारला, "करायचे ते करू. पण आपण नेमके काय करतो आहोत, हे मला कोणी सांगेल काय?" तो प्रश्न आमच्यापर्यंत आला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही कालगणनेच्या इतिहासात शिरलो.

बहाई कालगणनेचा आरंभ १८४४ सालचा. त्या वर्षी शिराझ येथे सय्यद अली महंमद यांनी आपण 'बाब', म्हणजे नव्या युगाचे द्वार, असल्याचे घोषित केले. एकोणीस दिवसांचे एकोणीस महिने अशी वर्षाची रचना त्यांनीच घालून दिली. एकोणीस गुणिले एकोणीस म्हणजे ३६१. सौरवर्ष पुरे होण्यास चार, क्वचित पाच दिवस उणे पडतात. हे वरकड दिवस बहाउल्ला यांनी उपवासाच्या महिन्याआधी ठेवले आणि ते आप्तेष्टांच्या आदरातिथ्यात, आनंदात व गोरगरिबांच्या साहाय्यात घालवावेत असे सांगितले. 'हा' या अक्षराचे अंकमूल्य पाच. त्यावरून हे नाव पडले. ज्या 'किताब-ए-अक्दस' ग्रंथात ही आज्ञा आहे, तो प्रथम छापला गेला १८९०-९१ च्या सुमारास, आणि तोही आपल्या मुंबईत! मुंबई-पुण्याच्या आरंभीच्या बहाई मंडळींत यझ्दकडून आलेले अनेक झरतुष्टी होते. पाचगणीस १९४५ साली बहाईंनी शाळाही काढली. तेव्हा हा धर्म मराठी मुलखाला अगदीच परका म्हणता येणार नाही.

वरकड दिवसांचा प्रश्न मात्र कोणा एका धर्माचा नाही. सूर्याची गती मनुष्याच्या हिशेबात नेमकी बसत नाही, हे त्याचे मूळ. पारशी पंचांगात तीस दिवसांचे बारा महिने होऊन पाच दिवस उरतात. ते गाथांच्या नावांनी ओळखले जातात आणि दिवंगतांच्या स्मरणास वाहिलेले असतात. आपले चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. दरवर्षीची अकरा दिवसांची तूट साठत जाऊन साधारणतः तेहतीस महिन्यांनी एक अधिकमास धरावा लागतो. २०२३ साली अधिक श्रावण आला होता, तो याच कारणाने. या महिन्यात सूर्याची संक्रांत होत नाही, म्हणून त्याला कोणी धनी नाही. पुराणकथेत हा झिडकारलेला मलमास विष्णूकडे गेला आणि विष्णूने त्याला स्वतःचे नाव दिले, तोच पुरुषोत्तममास.

येथे साम्य आहे तसाच भेदही आहे, आणि तो झाकू नये. अधिकमासात लग्नमुंजी वर्ज्य. व्रत, स्नान आणि दान यांचा तो काळ. बहाईंचे हे दिवस प्रकट आनंदाचे; व्रत येते ते त्यानंतर, एकोणीस दिवसांच्या उपवासाच्या रूपाने. दोन्हींना सांधणारा दुवा एकच, तो म्हणजे दान. जो काळ कोणत्याच महिन्याचा नाही, तो आपल्या स्वार्थासाठी वापरू नये, ही जाणीव दोन्हीकडे आहे.

मग एका घरात हे दोन आचार कसे नांदावेत? आमच्या मते त्यांची सरमिसळ करू नये; शेजार करावा. म्हैसूरला ही रीत ठाऊक आहे. चौथे कृष्णराज वाडियार हे निष्ठावंत हिंदू राजे. १९२६ पासून त्यांचे दिवाण असलेले सर मिर्झा इस्माईल शिया मुसलमान. योगायोग असा की, दिवाणांचे आजोबा ज्या शिराझहून बंगळुरास आले, ते बाबांचेही जन्मस्थान. राजा आणि दिवाण दोघांनीही आपापला धर्म सोडला नाही, आणि त्यावाचून राज्यकारभारही कोठे अडला नाही.

आमच्या स्नेह्यांच्या घरीही बेत याच धोरणाने ठरला. बहाई दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो, आणि या सणात कामकाज बंद ठेवण्याचा दंडक नाही. तेव्हा कचेरी सुटल्यावरची सायंकाळ सर्वांनाच सोयीची. देवघरात काहीही हलवायचे नाही. सुनेने बैठकीत आपली प्रार्थना म्हणायची. ऐकण्याचे बंधन कोणावर नाही, उठून जाण्याचेही नाही. फराळाचा पहिला वाटा घराबाहेर जायचा, मग मुलांना भेटी. देवराज मार्केटातून मोगरा आणायचे काम सासऱ्यांनी आपण होऊन पत्करले.

सासूबाई अनारशांचे पीठ घेऊन बसल्या. "अधिकात जावयाला तेहतीस देतो. तुमच्यात किती?" सून हसून म्हणाली, "आकडा ठरलेला नाही, आई. पण एकोणीस द्या." त्या सायंकाळी जावयाचे वाण प्रथमच सुनेच्या हाती पडले. एकोणीस अनारसे मोजून झाल्यावर सासूबाईंनी एवढेच विचारले, "आणि उपवासाला पहाटे उठून खावे लागते ना? मी पहाटे उठतेच. तुझा चहा मी ठेवीन."

आमच्या मते त्यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःच दिले होते.