पहिलेपणाच्या पलीकडे : मेरी डिसोझा

क्रीडेतिहास लिहिताना आपल्याकडे 'पहिला' आणि 'पहिली' या विशेषणांवर फार भिस्त ठेवली जाते. वांद्र्याच्या मेरी डिसोझा यांचे नाव निघाले, की 'ऑलिंपिकमध्ये धावलेल्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी एक' असे लिहून लेखणी थांबते. हे पहिलेपण किती ठिसूळ आहे, ते पाहावे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मेरी १०० व २०० मीटर धावल्या. बंगालच्या निलिमा घोष १०० मीटर आणि ८० मीटर अडथळ्यांची शर्यत. शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्यांत निलिमांचा गट आधी सुटला आणि मान त्यांच्याकडे गेला! शिवाय १९२४ मध्ये पॅरिसला नोरा पॉली भारतातर्फे टेनिस खेळल्या होत्याच.

हेलसिंकीत दोघीही पहिल्याच फेरीत बाद झाल्या. आम्हांला त्याहून मोलाची वाटते ती तिथवर पोहोचण्याची हकिकत. प्रवासखर्चाची सोय नव्हती, तेव्हा आप्तांनी व मित्रमंडळींनी नृत्याचा आणि पत्त्यांच्या डावांचा कार्यक्रम ठेवून पैसे उभे केले, असे मेरींनी पुढे मुलाखतीत सांगितले आहे. ऑलिंपिकचा इतिहास राष्ट्रांच्या नावाने लिहिला जातो. इथे मात्र राष्ट्राआधी शेजार उभा राहिला.

त्यांचे खरे कर्तृत्व आशियाई स्पर्धांत दिसते. १९५१ मध्ये दिल्लीला पहिल्या आशियाई स्पर्धेत मेरींनी २०० मीटरमध्ये कांस्य आणि ४ x १०० मीटर रिलेत रौप्य मिळवले. मुंबईच्याच रोशन मिस्त्री तिथे १०० मीटरमध्ये दुसऱ्या आल्या. १९५४ मध्ये मनिलात स्टेफी डिसोझा, ख्रिस्तिन ब्राऊन व व्हायोलेट पीटर्स यांच्यासह मेरींनी रिलेचे सुवर्ण जिंकले. पण चौघींत वाटलेले पदक इतिहासकाराला अडचणीचेच. त्याला नायिका एकच हवी असते. त्यातून मेरी हॉकीतही भारताकडून खेळल्या, म्हणजे त्यांना कोणत्या प्रकरणात बसवावे हा आणखी एक पेच.

अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१ मध्ये. मनिलाला तोवर सात वर्षे लोटली होती. २०१३ मध्ये मेरींना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. हॉकीपटूच्या नावाचा तो पुरस्कार त्यांना शोभलाही. तेव्हा त्या ब्याऐंशी वर्षांच्या होत्या.