प्राणी-अवशेष आणि प्राचीन समाजजीवन : इनामगावच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

लेखनकला अवगत नसलेल्या समाजाचा इतिहास लिहिताना खापरे, घरांचे अवशेष, जळके धान्य आणि हाडे हीच साधने अभ्यासकाच्या हाती असतात. यांपैकी हाडांचा विचार बराच काळ केवळ आहारापुरता मर्यादित राहिला. वस्तुतः पशुपालन, शेतीतील श्रम, शिकार आणि श्रद्धा यांचे धागेदोरेही त्यांत सापडतात. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी असलेले इनामगाव हे ताम्रपाषाणयुगीन स्थळ त्याचे उत्तम उदाहरण होय. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर व झेड. डी. अन्सारी यांच्या मार्गदर्शनाखाली डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक हंगाम तेथे उत्खनन केले. त्यातून माळवा (सु. इ.स.पू. १६००-१४००), पूर्व जोर्वे (१४००-१०००) आणि उत्तर जोर्वे (१०००-७००) असे वसाहतीचे तीन कालखंड निश्चित झाले.

अस्थिवाचनाची पद्धत

एकाच जनावराची दहा हाडे म्हणजे दहा जनावरे नव्हेत. म्हणून शरीराच्या एकाच बाजूचे विशिष्ट हाड किती वेळा आढळते, यावरून किमान प्राणिसंख्या ठरवली जाते. दातांची झीज आणि हाडांच्या टोकांची जुळणी यांवरून मृत्यूसमयीचे वय समजते. कोवळ्या वयाच्या नरांचे प्रमाण अधिक असल्यास कळप प्रामुख्याने मांसासाठी राखला जात असावा. प्रौढ जनावरे अधिक असल्यास दूध व ओढकाम यांना महत्त्व असावे, असे अनुमान करता येते. शेळी व मेंढी यांची हाडे मात्र अनेकदा वेगळी ओळखता येत नाहीत. त्यामुळे त्यांची नोंद एकत्रितपणे केली जाते.

इनामगावचे पशुधन

इनामगाव येथील प्राणी-अवशेषांच्या अभ्यासात पी. के. थॉमस यांचे कार्य महत्त्वाचे आहे. वशिंडाचे गोवंशीय पशू, म्हैस, शेळी-मेंढी, डुक्कर व कुत्रा हे पाळीव प्राणी तेथे होते. हरिणवर्गीय प्राण्यांची शिकार आणि मासेमारीही चालत असे. गोवंशासह अनेक प्राण्यांच्या हाडांवर कापल्याच्या व भाजल्याच्या खुणा आहेत. त्याच वसाहतीत पूर्व जोर्वे काळातील एका घरात मातीची शिरोविहीन स्त्रीमूर्ती आणि बैलाची मूर्ती एकत्र मिळाल्या. एकच पशू श्रमात, आहारात आणि श्रद्धेतही स्थान मिळवून होता, असे यावरून दिसते. उत्तरकालीन धार्मिक संकेत त्या समाजावर लादल्यास पुराव्याचा यातील एखादा भाग नाकारावा लागेल.

उत्तर जोर्वे काळातील स्थित्यंतर

इ.स.पू. १००० च्या सुमारास प्रशस्त चौकोनी घरांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतली. हवामान कोरडे झाल्याने शेती खालावली आणि लोक शेळी-मेंढीपालन व शिकार यांकडे वळून अर्धभटके झाले, अशी मीमांसा ढवळीकरांनी केली. मानवी सांगाड्यांचा अभ्यास करणाऱ्या जॉन ल्यूकाक्स व सुभाष वाळिंबे यांना दातांच्या पुराव्यातही आहारातील बदलाचे संकेत आढळले. तथापि, ग्वेन रॉबिन्स शूग यांनी २०११ मधील ग्रंथात लहान मुलांच्या सांगाड्यांच्या आधारे या स्थित्यंतराची फेरतपासणी करून हवामानबदलाच्या सरळ कार्यकारणभावाला आव्हान दिले.

निष्कर्ष

या मतभेदाचे मूळ हाडांच्या पुराव्याच्या स्वरूपात आहे. कळपाची रचना बदलली, हे हाडे सांगू शकतात; ती पावसाअभावी बदलली, जमिनीचा कस गेल्याने की सामाजिक व्यवस्था विस्कटल्याने, हे केवळ हाडांवरून ठरत नाही. त्यासाठी धान्य, घरे, दफने आणि हवामानाचे स्वतंत्र पुरावे त्यांच्या जोडीला ठेवावे लागतात. प्राणी-अवशेषांना अन्य साधनांना दुजोरा देणारा दुय्यम पुरावा न मानता, त्यांच्या निष्कर्षांची कसोटी पाहणारे स्वतंत्र साधन मानणे, हाच इनामगावच्या अभ्यासाचा महत्त्वाचा धडा आहे.