भाग्याचा वाटा

सुख, आनंद आणि समाधान हे मनाच्या अवस्थांचे शब्द, तर भाग्य, नशीब आणि बरकत हे प्राप्तीचे. हा भेद मराठी माणूस बोलताना अचूक पाळतो, परंतु त्याचा विचार क्वचितच करतो. ‘भाग्या’च्या मुळाशी संस्कृत ‘भाग’ आहे, आणि अरबीतून फारसीच्या द्वारे आपल्याकडे आलेल्या ‘नशिबा’चा मूळ अर्थही वाटा असाच आहे. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याच्या जुन्या प्रघातातही, वाट्याला आलेले पहिले माप शुभ मानण्याचीच श्रद्धा आहे.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्याच्या जंगलात भाग्य म्हणजे वाटा, या अर्थाचा इतिहासच घडला. जमीनदारीच्या अमलात रयतेला जळण, छपराचे गवत, कुंपणाचा बांबू आणि नांगराचे लाकूड निस्तार, म्हणजे घरगुती वापराचा हक्क, म्हणून मिळत असे. १९५१ साली जमीनदारी खालसा झाली, जंगल सरकारजमा झाले आणि निस्तार दप्तरात नोंदला गेला. तथापि पुढे बांबूचा मोठा हिस्सा ठेक्याने बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जाऊ लागला, आणि ज्यांच्या दारात तो वाढला त्या गोंड कुटुंबांना आपल्याच वाट्यासाठी अर्जविनंत्या कराव्या लागल्या.

याच तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने ही स्थिती दैव म्हणून स्वीकारली नाही, हे त्याचे थोरपण होय. गावचे नेते देवाजी तोफा आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासात अभ्यास करीत, प्रत्येक निर्णय सर्वसहमतीने घेत, या गावाने वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्काची सनद मिळविली. परंतु बांबू गावाबाहेर नेण्यास लागणारा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती असेपर्यंत सनद अपुरी होती. तोडलेला बांबू विकण्याचा मार्गच त्यावाचून खुला होत नव्हता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेकडे आले, तेव्हा कुठे वाट्याबरोबर त्याच्या विनियोगाचा अधिकारही गावाला लाभला. २०१३ साली याच गावाने ग्रामदान कायद्यानुसार आपली शेतजमीनही ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचा ठराव केला.