उन्हाच्या मुलखातली सावलीची शेती

विदर्भातल्या सावंगी (मेघे) परिसरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. युरोपात झाडांखाली वर्षानुवर्षं फुलणाऱ्या जिरेनियम या फुलझाडाचा इथे निभाव लागणं कठीणच. पण म्हणून विदर्भाला सावलीतली बाग ठाऊक नाही, असं मात्र नाही.

पश्चिमेला अंजनगाव सुर्जी, अकोटकडे बारी समाजाने ती पिढ्यानपिढ्या राखली. आधी पांगारा, शेवरी, हादगा वाढवायचा, मग त्यांच्या सावलीत नागवेल चढवायची. मळा पवित्र, पायताण बाहेर काढूनच आत शिरायचं. नागपंचमीला वेलीची पूजा.

नागवेलीच्याच कुळातली पानपिंपरी, म्हणजेच पिंपळी. एकदा लावली की काही वर्षं उत्पन्न देते. तिची लांबट हिरवी फळं तोडून उन्हात वाळवतात. सुंठ, मिरी आणि ही पिंपळी मिळून आयुर्वेदाचं त्रिकटू होतं. औषधापुरतीच तिची मातब्बरी नव्हती. पहिल्या शतकात रोमच्या प्लिनीने भाव नोंदवले आहेत: काळी मिरी पौंडाला 4 दिनार, पिंपळी 15! पुढे अमेरिकेची मिरची जगभर पसरली आणि युरोपच्या स्वयंपाकघरातून पिंपळी हळूहळू दिसेनाशी झाली. वैद्यांनी तिला सोडलं नाही.

बागायतदाराची कसरत मात्र नाजूक. सावली कमी पडली तर वेल करपते. ओल साचली तर मुळं कुजतात.